अकराव्याआधीचं दहावं वचन

नांदेड, तरोडा नाका
९ जानेवारी २०२५

एस्तेरताईंना दामिनीचा नमस्कार.

काल मी तुमचा नंबर फोनवर ब्लॉक केला. तुम्हाला वाटेल नेटवर्क गेलं, म्हणून कागदावर कळवते. तुमच्या आईची तब्येत विचारायची असेल तर पत्र टाका, उत्तर देईन. वचन पाठवू नका.

तुमचे भाऊ, म्हणजे माझे मालक, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी तुमच्याकडून एक गुलाबाचं फूल, एक सूर्योदय आणि त्यावर छापलेलं बायबलमधलं एक वचन येतं. ते वाजतं तेव्हा मी आत्याबाईंचं, म्हणजे तुमच्या आईचं, अंथरूण बदलत असते. हात ओले असतात. मला वाटतं कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला, मी धावते, आणि बघते तर फूल.

ते मी सोसलं. आता नवीन काढलंत. एकतीस डिसेंबरला तुमच्या चर्चमध्ये टोपलीतून कार्ड उचलून प्रत्येकाचं वर्षाचं वचन काढतात. तुम्ही माझ्या नावानं कार्ड उचललंत आणि पोस्टानं पाठवलंत. कोणी सांगितलं होतं? मी तुमच्या चर्चची नाही. मी उदगीरच्या लिंगायताची लेक. गळ्यात लिंग आहे, सकाळी पूजा करते. लग्नाच्या आधीपासून हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या भावानं आणि आईनं कधी त्यावर बोट ठेवलं नाही.

कार्डावर काय, तर यिर्मया, एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन. देवाच्या मनात माझ्यासाठी भल्याचे बेत आहेत म्हणे. आत्याबाईंना विचारलं, हे पुस्तकात कुठं असतं. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण लगेच म्हणाल्या, "मधल्या जाड भागात बघ. आन् अकरावं एकटं वाचू नको. दहाव्यापासून वाच."

वाचलं. ताई, दहाव्या वचनात सत्तर वर्षं लिहिलीत. आधी सत्तर वर्षं परमुलखात काढायची, मग ते भल्याचे बेत. मी अडतीस वर्षांची आहे. ही सत्तर वर्षं तुमच्या कार्डावर मावली नाहीत का?

मला पुस्तक उघडता येत नाही असं समजू नका. रोज दिवाबत्तीच्या वेळी मी आत्याबाईंना एक अध्याय वाचून दाखवते. त्यांची उमर बायबलबाई म्हणून गेली. बिलोलीकडच्या गावागावांत जाऊन बायांना वाचून दाखवलं. आता त्यांना वाचून दाखवायला मी. क्रमानं वाचायचं आणि काही गाळायचं नाही, असा त्यांचा हुकूम आहे. कोण कुणाचा मुलगा याची पानंच्या पानं आली तरी गाळायची नाहीत. सध्या ईयोब चालू आहे. त्याचंही सगळं गेलं होतं आणि त्याचे मित्रही त्याला वचनंच ऐकवत होते.

माझं मागणं एकच आहे. लग्नसराईत माझ्याकडे ब्लाउजांचा ढीग असतो. पुढं दुकान, मागं आत्याबाईंची बाज, मधे एक पडदा. मशीन थांबवून मी किती वेळा उठते ते मलाच ठाऊक. या उन्हाळ्यात आईला लातूरला न्या. आई तुमची आहे.

दामिनी


लातूर, औसा रोड
१८ जानेवारी २०२५

प्रिय दामिनी,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचलं. रागात माणूस बोलतो, मी मनावर घेतलं नाही. तुझ्यासाठी प्रार्थना केली.

आईला आणायला मला नको का वाटतं? पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, उन्हाळ्यात तेही नाही, टँकरवर दिवस काढायचे. तुझ्या दाजींचा बीपी वर-खाली होतो. आणि तिला इथं करमणार नाही. तिला तुझी सवय झाली आहे.

एक मात्र सांगते, तू रोज वाचतेस हे वाचून मी टेबलापाशी बसूनच राहिले. उदगीरच्या लिंगायताची लेक माझ्या आईला शास्त्र वाचून दाखवते! हे आपोआप होत नसतं, दामिनी. यात कुणाचा तरी हात आहे. तू आता ते ओळखणार नाहीस, पुढं ओळखशील.

वाचताना कसं वाटतं, ते मोकळेपणानं लिही. कार्ड फेकू नकोस.

तुझी,
एस्तेरताई


नांदेड
२४ फेब्रुवारी २०२५

एस्तेरताईंना नमस्कार.

हात कुणाचा आहे ते सांगते. माझा. पुस्तक जड आहे, मनगट दुखतं.

कसं वाटतं विचारलंत म्हणून लिहिते. ईयोब संपला, स्तोत्रं सुरू झाली. मला वाटलं होतं स्तोत्रं म्हणजे आरतीसारखं असेल, स्तुती, गोड गोड. तेराव्याला आले. मी आपली शाळेत धडा वाचतात तशी वाचत होते. आत्याबाई म्हणाल्या, "थांब. हे काय लाडीगोडी लावून राहिलीस?"

मी म्हटलं, "जसं लिहिलंय तसं वाचते की."

"न्हाई वाचून राहिलीस. ह्यो माणूस देवाला इचारून राहिलाय, किती दिस तोंड फिरवून बसतूस म्हणून. चिडलाय त्यो. चिडून वाच."

"देवावर चिडू?"

"मंग काय वीरण्णावर? वाच."

वीरण्णा म्हणजे आमचे घरमालक. पुढं त्यांचं किराणा दुकान, शेजारचा गाळा आणि मागची खोली आमच्याकडे. माझा भाऊ सिद्धलिंग याच्या ओळखीनं त्यांनी जागा दिली.

मग मी वाचलं. त्या दिवशी एका बाईनं ब्लाउज तिसऱ्यांदा उसवायला आणून टाकला होता, वर माझ्या विधवेपणावर बोलून गेली होती. सगळं त्या स्तोत्रात घातलं. किती दिवस, किती दिवस, असं चार वेळा आहे त्यात, चारही वेळा मी ओरडले. वीरण्णा पडद्याशी आले. "दामिनी, म्हातारीवर वरडू नको. बरं दिसत न्हाई." आत्याबाई आतून म्हणाल्या, "माझ्यावर न्हाई वीरण्णा, वरच्यावर वरडून राहिली. तुमी जावा." ते बिचारे वर बघत गेले.

आता रोज तसंच वाचते. स्तोत्र रागाचं असेल तर रागानं, हताश असेल तर हताश. आनंदाचं आलं की आत्याबाई म्हणतात, "खोटं हसू नको, नुसतं वाच." दिवसभर मला गोड बोलावं लागतं. गिऱ्हाइकाशी गोड, वीरण्णाशी गोड, भावाशी गोड. संध्याकाळी तेवढा वेळ मी खरी बोलते, आणि तेही दुसऱ्याच्या शब्दांत, म्हणून पकडली जात नाही. कधीकाळी कुणी माणूस माझ्याइतका चिडला होता, आणि लोकांनी त्याला गप्प केलं नाही, त्याचं चिडणं पुस्तकात जपून ठेवलं. याचं मला नवल वाटतं. सकाळी मशीनवर बसताना कालची एखादी ओळ डोक्यात असते आणि दिवस ढकलायला बळ येतं. हे खरं आहे, लपवत नाही.

पण यातून भलता अर्थ काढू नका. मी जिथं होते तिथंच आहे. आणि मूळ गोष्ट राहिलीच. एप्रिलमध्ये आईला न्यायला कधी येता? तारीख कळवा.

दामिनी


लातूर
९ मार्च २०२५

प्रिय दामिनी,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र किती वेळा वाचलं! शुक्रवारी आमच्या महिला मंडळात जागतिक प्रार्थनादिन होता. अध्यक्ष या नात्यानं मला बोलायचं होतं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. दिवस ढकलायला बळ येतं, हे तुझं वाक्य वाचलं तेव्हा बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकसाहेबांनी उभं राहून तुझ्यासाठी प्रार्थना केली.

एप्रिलमध्ये दाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यामुळे आईचं आता नको. पुढं बघू.

तुझ्यासाठी मंडळानं एक आनंदाची गोष्ट ठरवली आहे. काय ते लवकरच कळेल.

तुझी,
एस्तेरताई


नांदेड
२७ मार्च २०२५

एस्तेरताई,

कळली तुमची आनंदाची गोष्ट.

मंगळवारी भर दुपारी गाळ्यासमोर टेंपो थांबला. पुढं तुमच्या मंडळाचा बॅनर. आतून दहा-बारा बाया आणि पाळक उतरले, ढोलक घेऊन. मी एका नवरीचं माप घेत होते, टेप तिच्या खांद्यावर. त्यांनी दारात गाणं सुरू केलं. माझ्या गळ्यात हार घातला. नाक्यावरची माणसं गोळा झाली, चहावाला गाडा सोडून आला. पाळक म्हणाले, "भगिनी, ईस्टरच्या दिवशी तुमचा बाप्तिस्मा धरला आहे. सगळी तयारी आम्ही करू."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "कुणाचा?"

एक बाई हसून म्हणाली, "लाजू नका, एस्तेरताईंनी सगळं सांगितलंय." आणि माझ्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाली, "हे मात्र आता काढावं लागंल हां."

ताई, माझी आई वारली तेव्हासुद्धा ते गळ्यातून निघालं नव्हतं. मी तिचा हात झटकला. "गळ्याला हात लावू नका," एवढंच म्हटलं. पुढचं बोलल्या त्या आत्याबाई. पडद्यामागून, बाजेवरून. "कोण हाय गं ती? माझ्या सुनेच्या गळ्याचा हात काढ आधी! उमरभर गावं फिरले, कुण्या बाईच्या गळ्याला हात घातला न्हाई म्या. पाळक, तुमी ह्यांना काय शिकवून राहिलात?" पाळकांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. तुमच्या सांगण्यावर आला होता.

टेंपो गेला. नवरीची आई माप अर्धं सोडून नवरीला घेऊन गेली. वीरण्णा दुकानातून सगळं बघत होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुझ्या भावाच्या शब्दावर जागा दिली मी. मला इचारायचं तर होतंस." मी म्हटलं, "असं काही नाही हो अण्णा." ते म्हणाले, "रोज वरडून वाचतीस ते काय मग? बसवजयंती झाली की खाली कर."

काल सिद्धलिंग आला उदगीरहून. पाणी प्यायला नाही. म्हणतो, "म्हातारीला तिच्या लेकीच्या दारात सोड आन् गपचूप उदगीरला चल. न्हाईतर आमाला तू मेलीस." मी म्हटलं, मी काही केलेलं नाही. म्हणतो, "हार घालून घेतलास ते अख्ख्या नाक्यानं बघितलंय."

आता मला एक सांगा. माझं पत्र तुम्ही वाचून दाखवलंत, ते कुठवर वाचलंत? बळ येतं इथवर ना? त्याच्या खालची ओळ होती, मी जिथं होते तिथंच आहे. ती वाचली का? त्याच्याही खाली लिहिलं होतं, तुमच्या आईला न्या म्हणून. ते वाचलं का? यिर्मयाचं अकरावं उचललंत आणि दहावं ठेवून दिलंत, तसंच माझंही केलंत. मला कापून कार्डावर चिकटवलंत.

कधी मला त्या दारानं जायचं असतं तर मी माझ्या पायानं गेले असते. तुमच्या टेंपोतून नसते गेले. त्या पुस्तकातून मला जे मिळून राहिलं होतं ते फक्त माझं होतं. त्याला नाव नव्हतं. तुम्ही त्याला हार घातलात. मंगळवारपासून मी वाचलेलं नाही. आत्याबाई रोज विचारतात, मी पाठ फिरवून बसते. याचाही राग तुमच्यावरच.

दामिनी


लातूर
५ एप्रिल २०२५

दामिनी,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. आधी मी तुला उत्तर लिहिलं की मी काहीच चुकीचं बोलले नाही, बायांनीच अर्थ काढला. मग ते फाडलं.

त्या शुक्रवारी पाळकांनी मला सरळ विचारलं, "म्हणजे त्या विश्वासात आल्या?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हटलं. हे तुझ्या पत्रात नव्हतं.

पण तू एकटीच चिडलेली आहेस असं समजू नकोस. तू म्हणतेस आईला ने. मी तिला का नेत नाही, ते आज लिहिते. लिफ्टचं कारण नाही आणि पाण्याचंही नाही. दाजींच्या मोतीबिंदूला अजून तारीखही मिळालेली नाही.

मी सहा वर्षांची असताना आईनं मला बोर्डिंगात टाकलं. का, तर तिला गावं फिरायची होती. बिलोलीकडच्या बाया तिची वाट बघत. ती एकेका ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवायची, आणि त्या म्हणायच्या, मार्थाबाईंचा आवाज काय गोड! सुट्टीत मी तिच्यासोबत जायची, पाण्याची बाटली धरून मागं बसायची. माझ्याकडे बघून ती कधी वाचत नसे. घरी आल्यावर दमलेली असायची. मला तिनं कधीही, एकदाही, वाचून दाखवलं नाही. तुझ्या नवऱ्याला मांडीवर घेऊन वाचलेलं मला आठवतं. तो धाकटा, तो घरी होता.

त्या पुस्तकानं माझी आई नेली. लोकांना हे सांगता येत नाही. मी बायबलबाईची मुलगी, महिला मंडळाची अध्यक्ष. म्हणून मी एक ओळ उचलते आणि पुढं पाठवते. एक ओळ वाचून मिटता येतं. अख्खा अध्याय वाचायला घेतला की मला तिचा आवाज ऐकू येतो, आणि तो दुसऱ्या बायांसाठी असतो.

ती इथं आली तर संध्याकाळी म्हणणार, वाच. मी काय करू?

एस्तेर


नांदेड
११ एप्रिल २०२५

एस्तेरताई,

वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू.

पण तुम्ही आईवर चिडलात आणि छप्पर माझं चाललं. आईवर चिडायचं असेल तर तिच्यासमोर बसून चिडा. ती काही मोडत नाही, मी दोन वर्षं बघून राहिले.

बसवजयंतीच्या आदल्या दिवशी सिद्धलिंग सामान न्यायला येणार आहे. त्या दिवशी तुम्ही या. वीरण्णाच्या दुकानात, त्याच्यासमोर आणि माझ्या भावासमोर उभं राहून, त्या शुक्रवारी चर्चमध्ये काय झालं ते सांगा. पत्रात नको. फोनवर नको. जितक्या लोकांनी हार बघितला तितक्यांनी हे ऐकलं पाहिजे.

नाही आलात तर आत्याबाईंना घेऊन मी तुमच्या तिसऱ्या मजल्यावर येईन, त्यांना दारात बसवीन आणि निघून जाईन. मग भाऊ म्हणेल तसं उदगीर.

दामिनी


लातूर
३ मे २०२५

दामिनी,

आई पोचली हे तुला शेजारच्या फोनवरून कळलंच आहे. बाकीचं लिहिते.

त्या दिवशी मी वीरण्णांच्या दुकानात बोलले तेव्हा तू शेजारच्या गाळ्यात मशीनवरून मान वर केली नाहीस. साखर घ्यायला आलेली माणसं थांबली होती. मी म्हटलं, "दामिनी आमच्यात आलेली नाही. मी चर्चमध्ये खोटं बोलले. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं." तुझा भाऊ म्हणाला, "आत्ता सांगून काय उपेग? बोभाटा तर झाला." वीरण्णांनी तराजू खाली ठेवला आणि विचारलं, "मग ती रोज वरडून वाचतीय ते काय?" मी म्हटलं, "माझ्या आईला दिसत नाही म्हणून वाचते. ते काम माझं होतं." तू मशीन चालवतच राहिलीस. मी आईला रिक्षात बसवलं तेव्हाही तू तिच्याशीच बोललीस, माझ्याशी नाही. बरोबर केलंस.

मागच्या रविवारी चर्चमध्येही उभं राहून हेच सांगितलं होतं. अध्यक्षपद सोडलं आहे.

आईला दाजींनी आणि शेजारच्यांनी खुर्चीत बसवून वर आणलं. चहा घेतला आणि म्हणाली, "दिवाबत्ती झाली का? वाच. अठ्ठ्याऐंशी." म्हणजे मधे तू पुन्हा सुरू केलं होतंस. मला सांगितलं नाहीस.

मी उघडलं. वाचत गेले, शेवटी काहीतरी बरं येईल म्हणून. दामिनी, येत नाही. अख्खं स्तोत्र खड्ड्यात, आणि शेवटही अंधारात. एवढी वर्षं मी कार्डं वाटली, हे कधी कुणाच्या वाट्याला आलं नाही. कोण छापणार?

आई म्हणाली, "संपलं?"

मी पुस्तक पलंगावर टाकलं. म्हटलं, "मला एकदा तरी वाचून दाखवायचं होतंस. त्या बायांना रोज, मला एकदाही नाही."

आई म्हणाली, "त्या बायांना वाचता येत न्हवतं. तुला येत हुतं."

हे उत्तर झालं का? मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले. म्हटलं, "मला येत होतं, तरी मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं!" दाजी दारात येऊन उभे राहिले.

ती म्हणाली, "तवा बोलायचं गं. आता डोळे गेले." थोड्या वेळानं हात चाचपत म्हणाली, "पाठ हाय तेवढं म्हणू का?"

मी नको म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, स्वच्छ असलेलीही. अजून राग गेलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतःच एकोणनव्वद उघडलं. लांबलचक आहे ते. काही गाळलं नाही. काल एक्क्याण्णव झालं. वाचताना घसा दुखतो. पण सकाळी उठले तेव्हा कितीतरी वर्षांनी छातीवरचं ओझं थोडं सरकल्यासारखं वाटलं. तू लिहिलं होतंस ते हेच का, माहीत नाही.

मला माफ करशील का, असं विचारायला हे पत्र घेतलं होतं. सगळं लिहून झालं तरी तेवढं विचारायला जमेना, म्हणून शेवटी विचारते.

एस्तेर


नांदेड
१२ मे २०२५

एस्तेरताई,

माफ अजून केलेलं नाही. होईल तेव्हा कळवीन.

वीरण्णा काल म्हणाले, "राहा. भाड्याचं घर सोडून कुठं जातीस? पण दारात टेंपो थांबायचा असंल तर मला आधी सांगत जा." मी म्हटलं, टेंपो आता थांबायचा नाही. मी उदगीरला यायला नाही म्हटलं, तेव्हा सिद्धलिंग रिकामा टेंपो घेऊन परत गेला तो गेलाच. फोन उचलत नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली, ती काही परत यायची नाहीत. हे सगळं तुमच्यामुळे, आणि तुम्ही दुकानात उभं राहिलात म्हणून ते पुसलं जात नाही. तरी उभं राहिलात. ते मी बघितलं. मान वर केली नाही म्हणजे ऐकलं नाही असं नाही.

लग्नसराई जोरात आहे. मशीन एकदाही थांबवावं लागत नाही. मी हेच मागितलं होतं. आणि संध्याकाळ झाली की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. अध्याय फोनवर मिळतो, मी एकटी बसून वाचूनही बघितला. आवाज खोलीत फिरतो आणि माझ्याकडेच परत येतो. आत्याबाईंनी टोकल्याशिवाय मला धड चिडतासुद्धा येत नाही. त्यांची एवढी सवय लागली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचाही राग येऊन राहिला.

रविवारी गाळा बंद ठेवून लातूरला येते. अहमदपूरवरून जी गाडी मिळेल ती. चर्चला येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तुमच्या मंडळातल्या कुणाला घरी बोलावू नका. पाळकांना भेटायचं असलं तर मी माझी भेटेन.

संध्याकाळी तुम्ही वाचा. दोन वर्षं मी वाचून राहिले, घसा सुकेपर्यंत, आणि मला कुणी वाचून दाखवलेलं नाही. मी आत्याबाईंच्या पलंगाशी टेकून बसणार आणि ऐकणार. जो अध्याय आला असेल तो. वाचून झालं की पुस्तक मिटा. अर्थ सांगू नका.

दामिनी